ईटा कॅरिनी : ऐन जवळ आल्यावर क्ष-किरण विझतात कसे?

रातकिडा

परवा सोसायटीत टँकर आला होता. पाइपचं तोंड टाकीत नीट जायच्या आधीच टँकरवाल्याने व्हॉल्व्ह सोडला आणि जाड धार आडवी सुटली. समोर वॉचमनचा पोरगा प्रेशर गनने कुणाची तरी गाडी धूत होता. त्याने खोडी म्हणून गन त्या धारेवर रोखली. दोन्ही धारा जिथे भिडल्या तिथे पाण्याचा पातळ पडदा उभा राहिला, पंख्यासारखा पसरलेला. तो पडदा गनच्या बाजूला वाकला होता. गनचं पाणी कितीतरी जोरात येतं, तरी सरशी टँकरची. सेक्रेटरी ओरडेपर्यंत जेमतेम अर्धा मिनिट हा प्रकार चालला. मी जिन्यात पिशवी घेऊन उभा, आणि डोक्यात ईटा कॅरिनी.

नौकातल तारकासमूहातला हा तारा आपल्यापासून सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षांवर आहे. १८३७च्या डिसेंबरात जॉन हर्शेलला केप टाउनहून तो अचानक उजळलेला दिसला. १८४३मध्ये तर व्याधाच्या खालोखाल आकाशातला दुसऱ्या नंबरचा तेजस्वी तारा झाला. मग मावळला. त्या उद्रेकात बाहेर फेकलेला माल आज दोन फुगे जोडल्यासारखा दिसतो, त्याला होमंक्युलस म्हणतात. पण तो इतिहास पुष्कळ ठिकाणी आहे. मला बोलायचंय ते त्या फुग्यांच्या पोटात काय चाललंय त्यावर.

आत दोन तारे आहेत. थोरला म्हणजे टँकर. त्याच्या पृष्ठभागावरून वारा सुटतो तो सेकंदाला सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. ताऱ्यांच्या जगात हा वेग आळशीच म्हणायचा, पण माल प्रचंड. दर वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या जवळपास एक हजारांश इतका. आपला सूर्यही वारा सोडतोच, पण त्याच्या काही हजार कोटी पट हा. धाकटा म्हणजे प्रेशर गन. वेग सेकंदाला ३००० किलोमीटर, माल मात्र पन्नास-शंभर पटींनी कमी.

पडदा कुठे उभा राहणार हे वेगावर ठरत नाही, संवेगावर ठरतं. वस्तुमान गुणिले वेग केलं की थोरला आठ, धाकटा एक, असा काहीसा हिशेब येतो. अंतरासाठी त्याचं वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे तीनास एकच्या जवळ. म्हणून टकरीचा पडदा धाकट्यापासून साधारण पाव अंतरावर, त्याच्याभोवती शंकूसारखा वाकलेला. वॉचमनच्या पोराकडे वाकला होता तसाच.

आता क्ष-किरण. सेकंदाला १००० किलोमीटरने येणारा वायू भिंतीवर आपटल्यासारखा थांबला तर त्याचं तापमान १.४ कोटी अंशांच्या आसपास जातं, आणि हे वेगाच्या वर्गाने वाढतं. थोरल्याचा वारा आपटून पंचवीस लाख अंशांपर्यंत पोचेल. धाकट्याचा समोरासमोर आपटला तर बारा कोटींच्या वर. प्रत्यक्षात मोजलेलं तापमान पाच कोटींच्या आसपास भरतं, कारण बराचसा वायू तिरका आपटतो. म्हणजे आपल्याला दिसणारे कडक क्ष-किरण जवळजवळ सगळे धाकट्याच्या वाऱ्याचे. धाकटा स्वतः थोरल्याच्या झगमगाटात हरवलेला, पण त्याच्या वाऱ्याचा वेग आपण क्ष-किरणांवरून काढतो. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

आणि आता खरी भानगड. हे दोघे ५.५४ वर्षांत, म्हणजे सुमारे २०२३ दिवसांत, एकमेकांभोवती एक फेरी मारतात. कक्षा भयंकर लांबट. दूर असताना अंतर सूर्य-नेपच्यून एवढं, जवळ असताना सूर्य-मंगळ एवढं. जवळ आले की वारे जास्त दाट असताना भिडणार, म्हणून क्ष-किरण वाढायला हवेत. वाढतातही. अंतर निम्मं तर प्रकाश दुप्पट, अशा बेताने वाढत जातात, शेवटच्या महिन्यांत तर भडका उडाल्यासारखे वरखाली होतात. आणि मग, ऐन गाठ पडायच्या वेळी, दोन-तीन आठवड्यांत शंभरावर येतात. शंभर टक्क्यांवर नव्हे, शंभराव्या हिश्श्यावर. पुढे दोन-अडीच महिने सामसूम.

माझी समजूत अशी की हे ग्रहण आहे. त्या वेळी धाकटा थोरल्याच्या मागे जातो आणि थोरल्याचा दाट वारा मधे येतो. चूक असेल तर सांगा.

---

चहाबाज

शीर्षक वाचून वाटलं लग्नाबद्दल धागा आहे.

---

शेवगा

मस्त लिहिलंय. चहाबाज, तुमच्या घरी हा प्रतिसाद दाखवू का?

---

डार्करूम

माझा व्यवसाय क्ष-किरणांचाच, त्यामुळे हात शिवशिवले.

आमच्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आपटवतात, ते अडखळतात आणि त्या अडखळण्यातून क्ष-किरण सुटतात. रातकिडा सांगताहेत त्या वायूतही मुख्यतः हेच घडत असणार, फक्त टंगस्टनच्या जागी मोकळे अणुगर्भ. बरोबर ना?

दुसरी गोष्ट. छातीच्या फोटोला आम्ही शंभर किलोव्होल्टच्या वर जातो. दातांना साठ-सत्तर. ट्यूबमधून कमी ऊर्जेचे किरणही निघतात, पण ते फिल्मपर्यंत पोचतच नाहीत, पेशंटच्या कातडीतच जिरतात. उगीच डोस. म्हणून ट्यूबच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा पत्रा लावून आम्ही ते आधीच गाळतो. तुमचे ताऱ्याचे क्ष-किरण किती ऊर्जेचे? कमी असतील तर थोरल्याच्या वाऱ्यात जिरायला वेळ लागणार नाही, आणि मग तुमच्या ग्रहणाच्या कल्पनेत दम आहे.

---

रातकिडा

डॉक्टर, बरोबर. बहुतेक अभ्यास दोन ते दहा किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये झालाय, म्हणजे तुम्ही गाळून टाकता तोच माल. दोनच्या खालचे थोरल्याच्या वाऱ्यातून जवळपास बाहेरच पडत नाहीत. अडखळण्याचा सलग प्रकाश असतो, आणि त्यात ६.७ला लोखंडाची ठळक रेषा. ज्या लोखंडाचे दोन सोडून सगळे इलेक्ट्रॉन गळालेत त्याची. ती दिसली की तिथे कोट्यवधी अंशांचा वायू आहे यात शंका उरत नाही.

---

निवृत्त मास्तर

लेख वाचला. दोन शंका.

१) क्ष-किरण देणारे जोडतारे म्हटलं की आम्ही शिकवलं ते कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा आणि त्यावर पडणारा वायू. इथे तसं काही आहे का?

२) साडेपाच वर्षांचा काळ शोधला कोणी? साधी बाब नाही. उपग्रह तर अलीकडचे.

बाकी 'तारकीय वारा' हा शब्द मला पटत नाही. वारा म्हटला की झुळूक डोळ्यासमोर येते. 'झोत' बरा.

---

रातकिडा

मास्तर, पहिल्याचं उत्तर नाही. इथे कुणीही कुणाचं खात नाही. दोघेही जिवंत, जळते तारे आहेत आणि दोघेही बाहेरच फेकताहेत. असं व्हायला हवं हे १९७६ साली सोव्हिएत संघात प्रिलुत्स्की आणि उसोव्ह यांनी, आणि वेगळेपणे चेरेपाश्चुक यांनी मांडलं होतं. निरीक्षणं मागून आली.

दुसऱ्याची गोष्ट मात्र मजेशीर आहे. ब्राझीलच्या आउगुस्तो दामिनेली यांनी क्ष-किरण बघितलेच नव्हते. ते या ताऱ्याच्या वर्णपटातली हीलियमची एक रेषा बघत होते, अवरक्तातली. ती मधूनच मंदावते. जुन्या नोंदी काढल्या तर असं मंदावणं चाळीसच्या दशकापासून अधूनमधून सापडतं, आणि ते सगळे प्रसंग साडेपाच वर्षांच्या पट्टीवर बसतात. १९९६ साली त्यांनी हे छापलं आणि सांगितलं की पुढचा प्रसंग १९९७ संपताना येईल. तोवर बऱ्याच जणांचं मत होतं की हा एकटा, लहरी तारा आहे. आरएक्सटीई हा क्ष-किरण उपग्रह १९९५च्या ३० डिसेंबरला गेला होताच. माइक कॉर्कोरन आणि मंडळी त्याने ईटावर नजर ठेवून होती. डिसेंबर १९९७मध्ये क्ष-किरण आधी चढले आणि मग धाडकन खाली आले. त्यानंतर २००३चा उन्हाळा, जानेवारी २००९, २०१४चा पावसाळा, फेब्रुवारी २०२०, ऑगस्ट २०२५. दर खेपेला वेळेवर.

'झोत' शब्द छान आहे, पण झोत एका दिशेला जातो. हा सगळीकडे सुटतो. वाराच राहू द्या. आमच्या गावी वैशाखात सुटतो तो वारा झुळूक नसतो, पत्रे उडतात.

---

परगावची

फार दिवसांनी इथे काहीतरी माझ्या आसपासचं वाचलं. माझं काम ओ प्रकारच्या, म्हणजे अतिशय तापलेल्या जड ताऱ्यांच्या वाऱ्यांवर आहे, ईटावर नाही, पण शेजारधर्म म्हणून लिहिते.

रातकिडा, ग्रहण ही अर्धी गोष्ट आहे. तुमच्याच तारखांमध्ये उरलेली अर्धी लपली आहे. निव्वळ ग्रहण असतं तर ते कक्षेच्या भूमितीने ठरलं असतं. दर वेळी तेवढंच लागायला हवं आणि तेवढ्याच दिवसांनी सुटायला हवं. लागतं ते घड्याळ लावून. सुटायचं काही खरं नाही. १९९८ आणि २००३मध्ये क्ष-किरण परत यायला जवळपास सारखा वेळ लागला. २००९मध्ये मात्र ते महिनाभर आधीच परत आले. लोक दुर्बिणींच्या वेळा मागून बसले होते, आणि पाहुणा लवकर दारात. कक्षा तर बदललेली नाही, म्हणजे वायूचंच काहीतरी वेगळं झालं होतं.

त्या काळोखाचे दोन टप्पे आहेत. पहिला खोल, त्यात खरंच ग्रहण आहे, टकरीचा सगळ्यात तापलेला शेंडा थोरल्याच्या वाऱ्याआड जातो. दुसरा उथळ, त्यात शेंडा आडोशातून बाहेर आलेला असतो, पण तोच मुळात मंद झालेला असतो.

मंद का होतो? तुमच्या वॉचमनच्या पोराला टँकरच्या पाइपच्या अगदी तोंडाशी नेऊन उभं करा. ताऱ्याचा वारा पृष्ठभागावरून सुटतानाच ३००० किलोमीटरने सुटत नाही. ताऱ्याचा प्रकाश त्याला ढकलत ढकलत तो वेग देतो, आणि त्याला अंतर लागतं. लांब उडीवाल्याला धावपट्टी लागते तसं. तारे जवळ आले की धाकट्याच्या वाऱ्याला धावपट्टीच उरत नाही. वर समोरून थोरल्याचा लाखो सूर्यांइतका प्रकाश त्याला उलट ढकलतो. म्हणून वारा कमी वेगाने आपटतो, आणि तापमान वेगाच्या वर्गाने जातं हे तुम्हीच लिहिलंय. त्यात भर म्हणजे दाट वायू पटकन निवतो. विरळ वायू तापला की तापलेलाच राहतो, वाहून जाईपर्यंत क्ष-किरण देत बसतो. दाट वायू जागीच उष्णता टाकून देतो, पडदा पातळ होतो, डगमगतो, फाटतो. वेळ आली तर सगळा शंकू धाकट्याच्या अंगावर कोसळतो. मग धाकट्याचा वारा पुन्हा डोकं वर काढून पडदा कधी उभा करील, हे थोरल्याच्या वाऱ्यात त्या वेळी किती माल आहे यावर अवलंबून. २००९मध्ये थोरल्याचा वारा थोडा मंदावला होता का, यावर भरपूर वाद झालेत.

निवणारा की न निवणारा हे ठरवायला एक साधा आकडा वापरतात. वेगाचा चौथा घात, गुणिले अंतर, भागिले वाऱ्यातला माल. एकाच्या बराच वर गेला तर वायू गरम राहतो. चौथा घात लक्षात घ्या. धाकट्याच्या ३०००ला थोरल्याच्या ४२०ने भागून चौथा घात करा, अडीच हजारांच्या वर जातो. म्हणजे एकाच पडद्याची एक बाजू कायम उकळती आणि दुसरी बाजू निवून वडीसारखी थापलेली.

---

रातकिडा

दंडवत. मूळ लेखातलं ग्रहणाचं वाक्य तसंच ठेवतो, नाहीतर तुमचा प्रतिसाद कुणाला कळायचा नाही.

मी 'लागतं वेळेवर, सुटतं लहरीवर' हे आकडे समोर असून पाहिलं नाही. लागण्याकडेच लक्ष होतं.

---

चहाबाज

लागतं वेळेवर, सुटतं लहरीवर. आमच्याकडचं लोडशेडिंग.

---

डार्करूम

परगावची, एक प्रश्न. पूर्ण शून्य होतं का? आमच्या क्षेत्रात काळ्या फिल्मवरही धुकं असतंच.

---

परगावची

होत नाही, आणि त्या धुक्यातच गंमत आहे. मुख्य दिवा विझल्यावर आजूबाजूच्या पणत्या दिसाव्यात तसं. २००३च्या काळोखात चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने फोटो घेतला तेव्हा होमंक्युलसच मंदपणे क्ष-किरणांत चमकताना दिसला. स्वतःचे नव्हेत, परावर्तित. दिवा विझायच्या आधी निघालेला प्रकाश त्या फुग्यांवर आपटून, लांबचा फेरा घेऊन, काही महिने उशिरा आपल्याकडे येत होता. घाटात वीज चमकून गेल्यावर गडगडाट दरीत फिरत राहतो ना, तसं. एरवी ते तेज इतकं किरकोळ असतं की मधल्या झगमगाटात कळणारही नाही.

शिवाय एरवी दहाच्या बऱ्याच वर, तीस ते पन्नास किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतही तिथून काहीतरी येतं. डॉक्टरांच्या दातांच्या फोटोच्या जवळपास. हे नूस्टार या क्ष-किरण उपग्रहाने पकडलं, २०१८मध्ये प्रसिद्ध झालं. ते तापलेल्या वायूचं नाही. पाच कोटी अंशांचा वायू तिथवर पोचत नाही. टकरीच्या धक्क्यात काही थोडे इलेक्ट्रॉन पुन्हा पुन्हा इकडून तिकडे फेकले जाऊन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जातात, आणि ताऱ्यांच्या साध्या प्रकाशाला धडकून त्याला क्ष-किरण करून सोडतात. फर्मी उपग्रहाला तर गॅमा किरणही दिसलेत तिथून.

---

शेवगा

मला एक बाळबोध शंका. हे सगळं दोघांचं झालं. मोठे तारे म्हणे तिघे-चौघे मिळून राहतात. मग टक्कर कुणाची कुणाशी? आणि एवढ्या लांबून कळतं कसं?

---

परगावची

बाळबोध अजिबात नाही, यावर लोकांच्या कारकिर्दी गेल्यात.

त्याच नौकातलाच्या तेजोमेघात क्यूझेड कॅरिनी नावाची जागा आहे. डोळ्याला एक तारा, प्रत्यक्षात दोन जोड्या, एकूण चार जड तारे. एक जोडी २०.७ दिवसांत फिरते, दुसरी सहा दिवसांत, आणि दोन्ही जोड्या मिळून एकमेकींभोवती काही दशकांत. चौघांचेही वारे. टक्कर तीन ठिकाणी: या जोडीत, त्या जोडीत, आणि दोन्ही जोड्यांच्या मिळून होणाऱ्या वाऱ्यांची मधे कुठेतरी. चंद्रा ही क्ष-किरणांतली सगळ्यात तीक्ष्ण नजर, पण तीसुद्धा यांना वेगळं करू शकत नाही, सगळं एकाच ठिपक्यात. तेव्हा फोटोवरून नाही, घड्याळावरून ओळखायचं. क्ष-किरण २०.७ दिवसांच्या तालावर हलतात का, सहाच्या, की कशाच्याच नाही? एकत्र कुटुंबात वरच्या माळ्यावर कुणाची पावलं वाजतात ते चालीवरून ओळखतात तसं.

दुसरं उदाहरण एचडी १६७९७१. आत दोन तारे ३.३ दिवसांत फिरणारे, बाहेरचा तिसरा सुमारे २१ वर्षांत एक फेरा घालणारा. आतल्या दोघांच्या टकरीतून रेडिओलहरी निघाल्या तरी त्यांच्याच दाट वाऱ्यात गुदमरतात. बाहेर येतात त्या तिसऱ्याशी होणाऱ्या टकरीतल्या, कारण तिथे वारा विरळ झालेला असतो. त्यामुळे रेडिओची चढउतार दशकांची.

एक सावधगिरी. क्ष-किरण दिसले की लगेच टक्कर म्हणायचं नाही. एकटा ओ ताराही त्याच्या एकूण तेजाच्या साधारण एक कोटीव्या भागाइतके मऊ क्ष-किरण देतो. त्याच्या वाऱ्यातच आतल्या आत धक्के बसत असतात. त्याच्या वर किती, हे बघायचं. आणि खरं सांगायचं तर पुष्कळ जोडताऱ्यांत वर काहीच सापडत नाही. आम्ही विद्यार्थी असताना प्रत्येक जोडी ईटासारखी असेल असं वाटायचं. नसते.

---

शेवगा

वरच्या माळ्यावरची पावलं! सासूबाई दुपारी झोपल्यात की नाही ते मी असंच ओळखायचे. आता विषय कळला.

---

खोडदचा शेजारी

रेडिओचा विषय निघाला म्हणून. आमच्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, पंचेचाळीस मीटरच्या तीस अँटेना, अशा ताऱ्यांसाठीही वापरली गेली आहे. हंस तारकासमूहातला जड ताऱ्यांचा मोठा पट्टा तिने ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झला तपासलाय. अपग्रेड झाल्यावर एपेप नावाच्या ताऱ्यावरही रोखली होती. लहानपणी आम्हाला वाटायचं त्या तव्यांवर टीव्ही दिसतो. आता मुलाला सांगताना पंचाईत, कारण टकरीतले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्रात घिरट्या घालतात हे मलाच धड सांगता येत नाही. एपेप काय भानगड आहे ते कुणी सांगेल का?

---

रातकिडा

एपेप माझ्या आवडीचा. नाव इजिप्तच्या सर्पाचं, कारण अवरक्त फोटोत धुळीचं वेटोळं दिसतं. २०१८ साली जाहीर झाला. आत दोन वुल्फ-राये तारे, म्हणजे बाहेरचा हायड्रोजन टाकून बसलेले, आयुष्याच्या शेवटाकडे आलेले जड तारे. दोघांचे वारे भिडून धूळ तयार होते. तिसरा एक महाराक्षसी तारा जवळ दिसायचा, पण तो त्यांच्यातलाच की नुसता त्या दिशेला आहे, हे ठरत नव्हतं. २०२५मध्ये वेब दुर्बिणीच्या फोटोत धुळीची एकाबाहेर एक चार कवचं दिसली, आणि त्यांत एकाच बाजूला खाच. तिसऱ्याच्या वाऱ्याने खरवडलेली. म्हणजे तो घरातलाच निघाला. आतल्या जोडीचा फेरा सुमारे १९० वर्षांचा.

धुळीचंच नवल बघा. डब्ल्यूआर १४०, हंसमधलाच, ७.९३ वर्षांचा फेरा, ईटासारखीच लांबट कक्षा. तिथेही तारे जवळ आले की क्ष-किरण चढतात आणि त्याच सुमारास काजळीची एक नवी कडी तयार होते. २०२२च्या वेबच्या फोटोत झाडाच्या वर्षवलयांसारखी सतराच्या वर वलयं मोजता येतात. एकाच टकरीत एकीकडे कोट्यवधी अंशांचा वायू आणि शेजारी चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखी काजळी. परगावचींनी वर सांगितलं तेच, दाट झालं की निवतं.

---

निवृत्त मास्तर

हे आपल्याकडच्या कुणी केलंय का, क्ष-किरणांचं? रेडिओचं कळलं.

---

परगावची

हो मास्तर. नैनितालच्या एरीज या खगोल संस्थेतल्या संशोधकांनी डब्ल्यूआर २५वर चांगलं काम केलंय, २०१९चं. तोही ईटाच्याच शेजारचा, २०८ दिवसांचा फेरा. वेगवेगळ्या उपग्रहांची सोळा वर्षांची निरीक्षणं एकत्र करून त्यांनी दाखवलं की तिथे तेज अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, पुस्तकात लिहिल्यासारखं. ईटा त्या बाबतीत वात्रट.

---

बारा अंश

सगळं झालं, पण कुणी बघितलाय का ईटा? माझं नाव त्यावरूनच आहे. पुण्याहून हा तारा जास्तीत जास्त बारा अंश वर येतो, हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ आणि थोडं वर. दक्षिणेला डोंगर नको, गावाचा उजेड नको. मी भोरच्या पुढे वरंध घाटाच्या अलीकडे एका माळावर बघितलाय, एप्रिलच्या मध्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास. अगस्त्य नैऋत्येला मावळतीला टेकला होता, त्रिशंकू आग्नेयेला उगवलेला. त्या दोघांच्या मधे दहा बाय पन्नासची दुर्बीण फिरवली की धुरकट डाग येतो, तो नौकातलाचा तेजोमेघ. त्यात एक पिवळट-तांबूस ठिपका. तोच. दव इतकं पडत होतं की दर पाच मिनिटांनी लेन्स पुसावी लागत होती, आणि आमच्यातल्या एकाने ज्याने पुसली तो रुमाल मिसळीचा निघाला. पुढचा अर्धा तास आम्ही तर्रीचा तेजोमेघ बघत होतो.

ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी मार्चच्या मध्यात रात्री नऊला दक्षिणेला चोवीस अंशांवर बघा. शीड तारकासमूहातला गॅमा नावाचा तारा. दुसऱ्या प्रतीचा, शहरातूनही दिसतो. त्यातला मुख्य ठिपका म्हणजे एक वुल्फ-राये आणि एक ओ तारा, ७८.५ दिवसांचा फेरा, वारे भिडलेले. अकराशे प्रकाशवर्षांवर, म्हणजे शेजारच. रोसॅट उपग्रहाने त्याचे क्ष-किरण कक्षेच्या तालावर बदलताना पाहिलेत. नुसत्या डोळ्याने वाऱ्यांची टक्कर बघितली असं म्हणायचं असेल तर हा.

---

चहाबाज

टक्कर दिसते का हो नुसत्या डोळ्याने?

---

बारा अंश

ठिपका दिसतो. टक्कर होतेय हे माहीत असतं. देवळातही तेच करता ना?

---

निवृत्त मास्तर

बारा अंश, पुढचा काळोख कधी? ऑगस्ट २०२५चा तर गेला, आणि तेव्हा पावसाळा. इथून काही दिसलं नसतं.

---

रातकिडा

ऑगस्टात तो आपल्याकडून दिवसाच वर असतो, पावसाळा नसता तरी उपयोग नव्हता. पुढचा धरा मार्च २०३१. ते आपल्या सोयीचं आहे. मार्चच्या मध्यात रात्री पावणेबाराच्या सुमारास ईटा ऐन दक्षिणेला. डोळ्याला काही फरक कळणार नाही मास्तर, विझतात ते क्ष-किरण, आणि ते हवेतून खाली येतही नाहीत. पण वर्णपटाचं साधं उपकरण लावलं तर हीलियमच्या रेषा मंदावताना पकडता येतील असं मला वाटतं. बारा अंशांवर हवेचा जाड थर मधे असतो, कितपत जमेल ते परगावचींनी सांगावं.

---

परगावची

जमेल, जरा दक्षिणेला सरका. वेंगुर्ल्याहून तो चौदा अंशांच्या वर येतो. दोन अंशांनी बराच फरक पडतो. एका रात्रीत काही कळणार नाही, तीन-चार आठवडे रोज एक नोंद हवी. 

---

बारा अंश

वेंगुर्ल्यात मावशीचं घर आहे, गच्ची दक्षिणेला मोकळी. महिनाभर राहू देईल की नाही विचारतो. रुमाल प्रत्येकाने आपापला आणायचा.

---

शेवगा

मी डबे देईन. मिसळ सोडून.